जटेचं पहिलं पाणी

"काकू, हे धुता कशानं?" असं त्या मुलीनं विचारलं तेव्हा मी झेरॉक्सच्या दुकानात दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या चिठ्ठ्या हातात घेऊन उभी होते, आणि माझा पदर खांद्यावर घसरला होता. घसरला हे मला तिच्या प्रश्नावरून कळलं. एकोणीस वर्षांत माझी जट बघितल्यावर लोक दोनच गोष्टी करताना मी पाहिलेत. एक तर हात जोडतात, नाहीतर एक पाऊल मागं सरकतात. काही जण हात जोडून मग मागं सरकतात, तो कोल्हापूरचा मध्यममार्ग. पण कशानं धुता असं कुणी विचारलं नव्हतं. मी वळून पाहिलं. पंचविशीच्या आतलीच पोरगी होती, जीन्सवर खादीचा सदरा, आणि तिच्याही डोक्यावर जटाच, पण तीस-चाळीस, पेन्सिलीएवढ्या बारीक, टोकाला तांबूस आणि नारिंगी कापडानं मागं बांधलेल्या. ती त्यांना लॉक्स म्हणत होती. तुमचे किती वर्षांचे, म्हणाली. मी म्हटलं, एकोणीस. तिनं अशी मान डोलावली की जणू मी एखाद्या चांगल्या शाळेतली नोकरी सांगितली. मग पुन्हा तोच प्रश्न, धुता कशानं. मी म्हटलं, धूत नाही. गृहपाठ न केलेल्या पोरीचा आवाज माझ्या तोंडून निघाला, आणि शाळेत सत्तावीस वर्षं प्रयोगशाळा सहाय्यक असल्यामुळं तो आवाज मला ओळखू आला. तिनं नाक मुरडलं नाही. नुसतं म्हणाली, "मग मान लई दुखत असंल." झेरॉक्सवाल्याचं बिघडलेलं एक पान उलटं करून तिनं त्यावर नाव आणि पत्ता लिहून दिला. अंतरा. राजारामपुरी आठवी गल्ली, औषधाच्या दुकानाच्या वरचा मजला.

शाळेपर्यंत चालत येताना मला मान सोडून दुसरं काही सुचेना. मान दुखते. रोज दुखते, सकाळी उठताना जास्त, तिसऱ्या तासाला भिंतीला डोकं टेकवून उभं राहावं लागतं इतकी. हाडांच्या डॉक्टरांकडं मी दोनदा गेले होते. त्यांनी फोटो काढले, पट्टा दिला, उशी बदला म्हणाले, टायपिंगचं काम करता का विचारलं. डोक्यावर मनगटाएवढी एक आणि तिच्या आजूबाजूला बोटाएवढ्या चार, अशा पाच जटा वेटोळं करून ठेवलेल्या दिसत असताना तो शिकलेला माणूस टायपिंगविषयी विचारत होता. मीही, टायपिंग नाही हो, असं सरळ उत्तर दिलं. आम्ही दोघंही फार सभ्यपणे वागलो. निघताना त्यांनी पैसे घेतले नाहीत, टेबलामागून उठले आणि किंचित वाकले, तेव्हा मला समजलं की इथं औषध मिळणार नाही. आता झेरॉक्सच्या रांगेतल्या एका परक्या पोरीनं ते दोन वाक्यांत सांगितलं होतं, आणि मला तिचा रागही आला आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं.

मी देव मानत नाही, हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणाचा विश्वास बसणार नाही. माझे वडील, अप्पा, लाल बावट्याचे. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं गाव. मी जन्मले त्या आठवड्यात ते कसल्याशा मोर्चात होते, आणि घरी येऊन त्यांनी पाळण्यात वाकून बघितलं न बघितलं तोच माझं नाव क्रांती ठेवलं. अशा नावाच्या बाईच्या डोक्यावर देवीची जट. शाळेतल्या पोरी प्रात्यक्षिकाच्या दिवशी माझ्या पाठीमागून गुपचूप नमस्कार करतात, आणि मी ज्या परीक्षानळ्या धुऊन ठेवलेल्या असतात त्यांना हात लावला की पेपर सोपा जातो अशी त्यांच्यात बोलवा आहे. मी रागावते, त्या हसतात, आणि पुढच्या वर्षी नवीन तुकडी तेच करते.

हे सगळं सुरू झालं त्या फेब्रुवारीत माझा नवरा, कृष्णात, गगनबावड्याला पंपाचे सुटे भाग पोचवून मोटारसायकलवरून परत येत होता. उद्यमनगरात त्याचं लेथचं वर्कशॉप आहे. संध्याकाळी कळे गावाच्या अलीकडं उसाची बिनदिव्याची ट्रॉली उभी होती, ती त्याला दिसली नाही. एकेचाळीस दिवस दवाखाना, त्यातले पहिले अकरा दिवस तो शुद्धीवर नव्हता. मी त्या पलंगाशेजारच्या बाकड्यावर राहत होते. तिथं मी काय खाल्लं, किती झोपले, काही आठवत नाही, पण डोक्यावरचं तेल आठवतं. जो नातेवाईक येई तो, हिचं डोकं शांत राहू दे, म्हणून टाळूवर तेल थापून जाई. मी ते केसांत मुरवायचं सोडून केसांची गाठ मारायची. अकरा दिवसांनी कृष्णातनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य विचारलं, "ऊस कुणाचा हुता?" तेव्हा मी हसले, आणि मग दवाखान्याच्या जिन्यात बसून तासभर रडले. घरी आल्यावर माझ्या सासूबाईंनी, अक्कांनी, मला न्हाऊ घालायला म्हणून पाटावर बसवलं आणि गाठ सोडायला घेतली. फणीचे दोन दात तुटले. मग अक्का खाली बसल्या, त्यांनी माझ्या पाठीला कपाळ टेकलं आणि म्हणाल्या, "देवीनं तुझं कुंकू राखलं, आन् केस मागून घेतलं." पाणी तापलेलं होतं. ते तसंच मोरीत ओतून दिलं.

अप्पा तिसऱ्या दिवशी आले, पिशवीत कात्री घेऊन. त्यांनी स्टूल मागितलं, मला बस म्हणाले. मी बसलेही. अक्का दारात उभ्या राहिल्या. त्यांनी अडवलं नाही, ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "कापा की. माझ्या पोराला काय झालं तर तुमी भरून देनार काय?" त्या घरात जेवढी माणसं होती ती सगळी माझ्याकडं बघायला लागली. आतल्या खोलीत कृष्णात पडून होता, पाय प्लास्टरमध्ये, उघड्या दारातून त्याची टाच तेवढी दिसत होती. मी त्या टाचेकडं बघत म्हटलं, अप्पा, राहू दे. त्यांनी कात्री फडक्यात गुंडाळली. नाव ठेवताना मी घाई केली, म्हणाले. त्यानंतर ते सहा वर्षं जगले, घरी येत, जेवत, नातवाला कुस्तीचे डाव सांगत, पण त्या सहा वर्षांत त्यांनी माझ्या भुवयांच्या वर कधी बघितलं नाही. मला त्यांना सांगायचं होतं की मी मानत नाही, अजूनही मानत नाही. पण न मानणं वेगळं आणि नवऱ्याच्या जिवावर प्रयोग करून बघणं वेगळं. फसला तर दुसऱ्यांदा करता येत नाही असा हा प्रयोग होता.

मग रीत बसून गेली. जटेला पाणी लावायचं नाही, फणी लावायची नाही, दर मंगळवारी तेल आणि त्यावर भंडारा, देवीची हळद. अक्का दोन बोटांनी, शेंड्याकडून वर, भीत भीत तेल लावायच्या आणि टाळूपर्यंत यायच्या आत थांबायच्या. मी गळ्याखालीच आंघोळ करायची. पहिल्या वर्षीच एक वास यायला लागला, कपाटात ओला टॉवेल राहून गेल्यावर येतो तसा, त्यात हळद आणि धूप मिसळलेला. मुलगा यशराज तेव्हा पाच वर्षांचा होता, माझ्या मानेत नाक खुपसून झोपायचा. एका रात्री त्यानं कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं, आणि त्यानंतर तो तसाच झोपायला लागला. पाच वर्षांच्या पोराला काय कळणार, पण मला कळलं. अक्कांनी माझं अंथरूण देवघरात घातलं. आणि कृष्णात माझ्याशी भांडायचा बंद झाला. हे बाहेरच्यांना सांगून पटायचं नाही. लग्नानंतरची सात वर्षं आम्ही कडाकडा भांडत होतो, आमटीत मीठ, माहेरचे पाहुणे, मोटारसायकलचा आवाज, काहीही पुरायचं. कोल्हापुरात नवरा बायकोवर ओरडत नाही म्हणजे घरात कुणीतरी आजारी असणार असंच शेजारी धरून चालतात. जट आली आणि हा माणूस माझ्याशी हळू बोलायला लागला. भाजी आणायचा, चहा करायचा, मान दुखते म्हटलं की पिशवीत गरम पाणी भरून द्यायचा, पण पिशवी माझ्या हातात द्यायचा. मंगळवारी सकाळी वर्कशॉपला जाताना तो दारात थांबे, माझ्याकडं तोंड करून हात जोडे आणि जाई. ते मला सहन व्हायचं नाही. पोरींनी केलं, डॉक्टरनी केलं, चालून गेलं. त्यानं हात जोडले की मला वाटायचं, मी मेले आणि माझा फोटो भिंतीवर लावलाय.

अक्का जाऊन तीन वर्षं झाली. आता घरात तपासणारं कुणी नव्हतं. यशराज पुण्याला नोकरीला. तरीही मी मंगळवारी तेल लावत होते, भंडारा लावत होते, देवघरात झोपत होते. मेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही, आणि जिवंत नवऱ्याशी या विषयावर बोलायची आमची सवयच मोडली होती.

शुक्रवारी दुसऱ्या तासानंतर प्रयोगशाळा रिकामी होती. अंतरानं पत्त्याखाली एक ओळ लिहिली होती, एक केस पाण्यात टाकून बघा, बुडतो का तरंगतो, म्हणजे तो पाणी पितो का ते कळेल. मी बीकर घेतला, पाणी भरलं, जटेच्या शेंड्यातून सुटलेला एक केस ओढून काढला आणि टाकला. तरंगला. दहा मिनिटं, वीस मिनिटं, तरंगतच होता. मग ड्रॉपर घेतला, भिंतीवरच्या आरशासमोर उभी राहिले, आणि थोरल्या जटेवर एक थेंब सोडला. एक थेंब. तो थेंब आत गेला नाही. गोल, टच्च, जटेवर बसून राहिला, आणि मग आपला घरंगळून माझ्या खांद्यावर पडला. फळ्यावर आदल्या तासाचं केशाकर्षण लिहिलेलं होतं, बारीक नळीत पाणी आपोआप कसं चढतं त्याची आकृती. मी थोडा वेळ थेंबाची ओली जागा बघत बसले आणि मग मोबाइल काढून कृष्णातला फोन केला. काय करताय, विचारलं. तो म्हणाला, काम करतोय की. मी म्हटलं, बरं. एका थेंबानं काही झालं नव्हतं.

शनिवारी शाळा सकाळची. साडेबाराला मी आठवी गल्लीत जिना चढत होते. वर एकच खोली, मागं पत्र्याची शेड आणि तिच्यापुढं उघडी गच्ची. अंतरानं मला खुर्चीवर बसवलं, पिना काढल्या, आणि जटा पाठीवरून खाली सोडल्या. मग तिनं तिचे हात माझ्या टाळूवर ठेवले. दहा बोटं. मला वाटलं होतं मी घाबरेन. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबवावं हेसुद्धा मला सुचलं नाही. तिनं विचारलं नाही, फक्त रुमाल दिला आणि आपलं काम करत राहिली. मी म्हटलं, कापायचं नाही हं. ती म्हणाली, केस तुमचे, तुम्ही सांगाल तसं. उद्या कापा म्हटलात तर कापते, पण आज धुवायचेत. मी तिला बीकरचं सांगितलं, जरा ऐटीतच. ती हसली. म्हणाली, काकू, तेलकट केस तरंगणारच की, मी लिहायला विसरले, आधी धुऊन घ्यायचा असतो. सत्तावीस वर्षं मी पोरींना नमुना स्वच्छ करून घ्या म्हणून ओरडते आहे.

ती चंदगडची निघाली. वडिलांची काजूची बाग, आणि ती बारावीनंतर गोव्यात एका सलूनमध्ये हे काम शिकली होती, तिथं समुद्रावर येणाऱ्या लोकांचे लॉक्स वळायचे, धुवायचे. आमच्यात पावसाचे चार महिने काहीच वाळत नाही, म्हणाली, ओल कुठं लपून बसते हे आम्हाला शिकवावं लागत नाही. मग तिनं माझ्या कानामागचा, तेल न लागलेला मोकळ्या केसांचा एक झुबका साबणानं स्वच्छ केला, पुसला, आणि त्यावर बाटलीनं फवारा मारला. आरसा धरून दाखवलं. बारीक बारीक थेंब केसांवर तसेच बसले होते. "आता खरं कळालं," ती म्हणाली. "केसाच्या अंगावर कौलं असत्यात काकू, घरावर असत्यात तशी. तुमची कौलं गच्च बसल्यात. पाणी वरनंच निघून जातंय. माझी ब्लीच करून करून फुटल्यात, पाणी आत येतंय आन् लगेच जातंय, म्हणून मला वरनं तेल लावून ते धरून ठेवाय लागतंय. तुमाला तेल नकोच. तुमाला कोमट पाणी पायजे, आन् वेळ."

मी म्हटलं, एकोणीस वर्षं तेल लावलंय.

"ते आत गेलंच न्हाय. सगळं वरच बसलंय. तेल, हळद, धूळ. हे वजन केसांचं न्हवं, काकू."

मी थोरली जट हातात घेऊन बघितली. हे वजन मी कुणाकुणाचं म्हणून वागवलं होतं. देवीचं, अक्कांचं, अप्पांनी फडक्यात गुंडाळलेल्या कात्रीचं, कृष्णातच्या उघड्या टाचेचं. त्यात निम्मी हळद होती. मला हसू आलं, मोठ्यानं, आणि हसताहसताच भीती वाटायला लागली, कारण तिनं बादलीत पाणी काढायला सुरुवात केली होती. मी तिला थांब म्हटलं आणि कृष्णातला फोन केला. मागं लेथ घरघरत होता. "बरं हाय न्हवं?" मी विचारलं. तो म्हणाला, बरं आहे की, काल पण असाच फोन केलास, काय झालंय? मी म्हटलं, काही नाही, आणि ठेवला. अंतराला म्हटलं, घाल.

पहिला तांब्या टाळूवर पडला तेव्हा मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. पाणी जटेवरून सरळ निघून गेलं, आत शिरलंच नाही. तिनं घाई केली नाही. गरम पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल जटांना गुंडाळला, त्यावर प्लॅस्टिकची टोपी घातली, आणि वीस मिनिटं आम्ही बसून राहिलो. ऊब हळूहळू मानेतून खाली उतरत गेली. दवाखान्यातल्या त्या बाकड्यापासून माझे खांदे वर ओढलेले होते, हे मला ते खाली आले तेव्हा कळलं. मग तिनं पुन्हा पाणी घातलं, साबण घातला, दाबून पिळलं, आणि खालच्या बादलीत जे उतरलं ते बघून मी मान फिरवली. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढतात तसं ते पिवळट काळं, फेसाळ. दुसऱ्या पाण्याला थोडं कमी. तिसऱ्याला पाण्याचा रंग जरा ओळखू येण्यासारखा. आणि मध्येच तो वास आला, कपाटातल्या टॉवेलचा, इतका मोठा, की खोली भरून गेली. मला यशराजची भिंतीकडं वळलेली पाठ दिसली. अंतरा म्हणाली, येऊ द्या, बाहेर पडतोय तो, आणि तिनं खिडकी उघडली. मी पुन्हा फोन केला. ओल्या हातानं बटण लागेना, तिनं लावून दिला. कृष्णातनं उचलला आणि कुठं आहेस म्हणून विचारलं. मी म्हटलं, राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, औषधाच्या दुकानावर, पार्लरमध्ये. पार्लर? असं त्यानं दोनदा विचारलं. तुम्ही फक्त बरे आहात का ते सांगा, असं मी म्हटलं. तो हो म्हणाला आणि फोन कट झाला.

पाचव्या पाण्याला बादली स्वच्छ. अंतरा म्हणाली, आता बघा, आणि ओली जट माझ्या हातात दिली. ती मऊ होती. दाबली की आत दबत होती, सोडली की पाणी सोडत होती. पाणी आत गेलं होतं. माझ्या केसांनी एकोणीस वर्षांनी पाणी प्यालं होतं, आणि त्या क्षणी मला खात्री झाली की कृष्णातला काहीतरी झालं. ज्या बाईनं सकाळी नववीला गुरुत्वाकर्षणाचा प्रयोग लावून दिला त्याच बाईला ही खात्री झाली, आणि ती पक्की होती. फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. वर्कशॉपमधल्या दुसऱ्या माणसाचा नंबर माझ्याकडं नव्हता. लेथवर सदऱ्याची बाही अडकते, मी ऐकलेलं आहे, बघितलेलं नाही. मी उठून उभी राहिले, पाणी पाठीवरून चपलेत ठिबकत होतं, आणि अंतराला म्हणाले, मी जाते. ती म्हणाली, आतून ओल राहिली तर पुन्हा वास धरेल, वाळवून जा. मी म्हटलं, नवरा फोन उचलत नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिला जटेची गोष्ट सांगितलेली नव्हती, ती आता सांगितली, उभ्याउभ्या, पाच-सहा वाक्यांत, दवाखाना, अक्का, मागून घेतलेले केस. तिनं मला अडाणी म्हटलं नाही. माझी आई पण अशीच फोन करते, म्हणाली, आणि माझी पर्स शोधून हातात दिली.

मी जिन्याच्या दारात पोचले तर खालून कुणीतरी घाईघाईनं पायऱ्या चढत वर येत होतं. कृष्णात. सदऱ्याला लोखंडाचा कीस, हात कोपरापर्यंत काळे, एक पाय त्या अपघातापासून जरा ओढत टाकतो, तसाच टाकत. तो मला बघून मधल्या पायरीवर थांबला. धाप लागली होती. "सारखा सारखा फोन काय करालीस?" तो ओरडला. "गाडीवर हुतो मी! सिग्नलला दोनदा खिसा वाजला! काय झालंय काय तुला?" खालच्या औषधवाल्यानं बाहेर येऊन वर बघितलं, इतका मोठ्यानं ओरडला. मी पायरीवर बसले. तो जिवंत होता आणि माझ्यावर ओरडत होता. एकोणीस वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग त्याला माझं डोकं दिसलं. ओलं, उघडं, पाणी ठिबकणारं. त्याचे हात आपोआप वर यायला लागले आणि मला माहीत होतं ते कुठं येऊन थांबतात. मी म्हटलं, हात जोडू नका. तो थांबला. मी म्हटलं, धुतले. पाच वेळा. तुम्हाला काही झालेलं नाही. तो पायरी चढून माझ्या बरोबरीला आला आणि भिंतीला टेकून बसला, आणि ज्या हळू आवाजात तो इतकी वर्षं बोलत आला होता त्याच आवाजात म्हणाला, "मी देवीला हात जोडत न्हवतो, क्रांती. तुला जोडत हुतो. माझ्यापायी हे डोक्यावर घिऊन बसलीस, तुला काय म्हनू मी? कापून टाक म्हनलो असतो, तर तू म्हनली असतीस, ह्याला माझ्या कष्टाचं काय न्हाय. आन् ठिव म्हनायला मला तोंड न्हवतं." दोन माणसं एकमेकांचा जीव सांभाळत एकोणीस वर्षं एका घरात वेगवेगळ्या खोल्यांत झोपत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याला हे हवं आहे. मला राग यायला हवा होता. आला असेल, पण सुटका इतकी मोठी होती की त्याला जागाच उरली नाही.

अंतरानं आम्हाला दोघांना गच्चीवर नेलं. ऊन दुपारचं, चांगलं कडक. तिनं मला स्टुलावर पाठमोरी बसवलं, जटा मोकळ्या पसरून दिल्या, आणि पुढं काय करायचं ते सांगितलं. आठवड्यातून दोनदा कोमट पाण्यात थोडी कोरफड आणि ग्लिसरिनचे चार थेंब घालून फवारायचं, फवारल्यावर गरम टॉवेल गुंडाळायचा, म्हणजे आत जातं. तेल बंद. हळद बंद. पंधरा दिवसांनी धुणं, आणि पूर्ण वाळल्याशिवाय बांधायचं नाही. मी मान हलवत होते आणि ती हलत होती, हलकी. पुढच्या बाजूचं मला जमेल म्हणाले, पण मानेच्या मागं माझा हात पोचत नाही. तिनं बाटली कृष्णातपुढं धरली. काका, तिथलं तुम्ही करा, म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

त्यानं बाटली घेतली. मी हात लावलेला चालेल का, असं त्यानं विचारलं. ते तो देवीला विचारतोय हे मला कळलं, म्हणून मी म्हटलं, "माझंच केस हाईत. मी सांगालोय की, चालतंय." मग तो गच्चीतल्या नळाकडं गेला. मी पाठमोरी होते, मला नुसतं ऐकू येत होतं. साबण, पाणी, पुन्हा साबण, पुन्हा पाणी, ब्रशनं नखं घासल्याचा आवाज. ग्रीस एवढ्यात निघत नाही, मला माहीत आहे, पण मी त्याला घाई केली नाही. तो माझ्या मागं येऊन उभा राहिला. त्यानं थोरली जट दोन्ही हातांनी उचलली, जपून, आणि माझ्या डाव्या खांद्यावरून पुढं सोडली. मग बोटं मानेवर टेकली, गार, खरखरीत. फवारा मारलाच नाही. मी विचारलं, काय झालं.

"हितं तीळ हाय तुझ्या," तो म्हणाला. "इसरलोच हुतो मी."

मी म्हटलं, "हाय तितंच हाय की."